चॅलॉन्जची वेटलिस्ट: नाव लागलं म्हणजे जागा मिळाली असं नाही

32 जणांची स्पर्धा. नोंदणी दोन दिवसांत फुल्ल, शिवाय आणखी आठ-दहा जण ‘भाऊ, एखादी जागा बघ ना’ म्हणून मागे लागलेले. आणि प्रत्यक्ष संध्याकाळी हजर 23. ऑनलाइन स्पर्धा भरवणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. मोफत स्पर्धेत नाव द्यायला एक टिचकी पुरते, आणि न येण्याला काहीच लागत नाही. बाहेर ताटकळलेल्या आठ-दहा जणांना या रिकाम्या नऊ जागा वेळेत देता आल्या तर वेटलिस्ट कामाची. नाहीतर ती नुसती नावांची यादी.

चॅलॉन्ज ही ब्रॅकेट, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, बनवून देणारी जुनी साइट. ईफुटबॉल, टेकन, स्ट्रीट फायटर अशा एकास एक खेळांच्या छोट्या-मोठ्या स्पर्धा तिच्यावर सर्रास होतात. तिथे वेटलिस्ट आधीपासून आहे, वेगळा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) जोडावा लागत नाही. हा आढावा मुख्यतः त्या एका सोयीचा. सोबत बीजीएमआय या मोबाईल गेमच्या स्क्रिम्समध्ये (सराव सामन्यांत) आणि लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर हाच प्रश्न कसा सोडवतात तेही पाहू, कारण प्रत्येक खेळाला चॅलॉन्जची पद्धत लागू पडत नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: यंत्रणा चोख आहे, पण ती ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती नव्या आयोजकाच्या आणि नव्या खेळाडूच्या लक्षात येत नाही. ती गोष्ट म्हणजे चेक-इन, स्पर्धेच्या थोडं आधी साइटवर ‘मी हजर आहे’ अशी नोंद करणं. चेक-इन न ठेवता नुसती वेटलिस्ट ठेवली, तर जागा कुणी सोडली हे साइटला कळायला मार्गच नाही. मग वेटलिस्टवरच्या माणसाला आत घ्यायचं ते कशाच्या आधारावर?

रेल्वेच्या वेटिंग तिकिटाची आपल्याला इतकी सवय आहे की इथेही तसंच असेल असं गृहीत धरलं जातं. म्हणजे नाव लावून निवांत बसायचं, चार्ट लागला की आपोआप नंबर वर सरकेल. इथे तसं नाही. वेटलिस्टवर असलेल्यानेही ठरलेल्या वेळात स्वतः चेक-इन करायचं असतं. केलं नाही, तर पुढच्या दहा जागा रिकाम्या झाल्या तरी तो बाहेरच. ‘माझं वेटिंगच आहे, कन्फर्म झालो की करीन चेक-इन’ असं म्हणणारा खेळाडू हमखास बाहेर राहतो, आणि मग आयोजकाच्या नावाने खडे फोडतो.

मांडणी कशी करायची

स्पर्धा तयार करताना नोंदणीचं पान चॅलॉन्जवरच ठेवण्याचा पर्याय निवडायचा. तो निवडला नाही, तर सगळी नावं तुम्हालाच हाताने भरावी लागतात आणि पुढची सोय वाया जाते. मग कमाल खेळाडूंची मर्यादा घालायची. ही मर्यादा भरली की त्यानंतर येणारं प्रत्येक नाव आपोआप वेटलिस्टवर जातं. मर्यादा रिकामी ठेवलीत, तर वेटलिस्ट बनतच नाही. येईल तो आत.

मर्यादेचा आकडा मनाला येईल तो टाकू नका. बाद फेरीच्या स्पर्धेत 16, 32 किंवा 64 हेच आकडे सोयीचे, आणि त्याला कारण आहे. 32 जणांच्या एकेरी बाद स्पर्धेत 5 फेऱ्या आणि 31 सामने होतात. ‘एकच तर आहे, घे रे त्याला पण’ म्हणून 33 वा घेतलात, की ब्रॅकेट 64 चा होतो. पहिल्या फेरीत 31 जणांना बाय (न खेळताच पुढची फेरी), उरलेले दोघे एक सामना खेळणार, आणि बाकी सगळे त्यांची वाट बघत बसणार. एका माणसाच्या भिडेपोटी एक अख्खी फेरी वाढते. वेटलिस्ट असण्याचा मोठा फायदा हाच की ‘नाही’ म्हणायचं काम साइट करते, तुम्हाला वाईटपणा येत नाही.

स्विस पद्धतीत, म्हणजे जिथे कुणी बाद होत नाही आणि दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू भिडतात, तिथे दोनाच्या घातांचं बंधन नाही, पण संख्या सम असलेली बरी. विषम झाली की दर फेरीत कुणातरी एकाला बाय द्यावा लागतो. तिथे वेटलिस्टवरचा एक माणूसही मोलाचा. साखळी पद्धतीत मात्र हात आखडता घ्या: 8 जणांचे 28 सामने होतात, 9 जणांचे 36. एका वाढीव माणसामागे आठ सामने.

यानंतर स्पर्धेची सुरुवातीची वेळ आणि चेक-इनचा कालावधी मिनिटांत. सुरुवात रात्री 9 ला आणि चेक-इन 30 मिनिटांचं ठेवलं, तर खिडकी 8.30 ला उघडते आणि 9 ला बंद होते. आता नीट बघा: 9 ला चेक-इन संपतं, सामना सुरू होत नाही. चेक-इनचा हिशोब लावायचा, वेटलिस्टवरचे आत घ्यायचे, सीड (ताकदीनुसार लावलेले क्रमांक) पुन्हा बघायचे, मग स्पर्धा सुरू करायची. सराईत आयोजकालाही यात दहा-पंधरा मिनिटं जातात. म्हणून घोषणेत ‘चेक-इन 8.30 ते 9, पहिला सामना 9.15’ असंच लिहावं. नुसतं ‘9 ला’ लिहिलंत, तर निम्मे लोक 9 वाजून 2 मिनिटांनी उगवतील. तोपर्यंत खिडकी बंद.

कालावधी किती ठेवावा? 15 मिनिटं फार कमी. कुणाचं जेवण आटपायचं असतं, कुणाच्या फोनवर अपडेट चालू असतं. एक तास ठेवला, तर सुरुवातीला चेक-इन करून गेलेला माणूस सामन्याच्या वेळी गायब, म्हणजे चेक-इनचा हेतूच बुडाला. 30 मिनिटं बरी, आणि आठवण दोनदा करावी, खिडकी उघडताना आणि संपायला दहा मिनिटं असताना.

वेळेच्या बाबतीत एक मोठा खड्डा आहे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचे काही बॉट स्पर्धा चॅलॉन्जच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारातून, तयार करतात. तिथे टाइमझोन सांगितला नाही, तर वेळ अमेरिकेच्या ईस्टर्न टाइममध्ये धरली जाते. तुम्ही ‘रात्री 9’ म्हणता आणि चेक-इन संपतं आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 6.30 ला, हिवाळ्यात 7.30 ला. रात्रभर कुणालाच चेक-इन करता येत नाही, सगळे तुम्हाला मेसेज करत राहतात. स्पर्धा बॉटने बनवली असली, तरी एकदा साइटवर जाऊन वेळ डोळ्यांनी बघा. खेळाडू दुबईत किंवा न्यू जर्सीत असतील, तर डिस्कॉर्डवर वेळ टाइमस्टॅम्पच्या रूपात टाका. तो प्रत्येकाला त्याच्या स्थानिक वेळेत दिसतो. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, हा हिशोब रात्री उशिरा अगदी हुशार माणसाचाही चुकतो.

खिडकी बंद झाल्यावर

मर्यादा 32 ची आहे आणि एकूण 41 नावं आली, असं धरू. 32 पक्के, 9 वेटलिस्टवर. चेक-इनमध्ये पक्क्यांपैकी 25 आले आणि वेटलिस्टमधले 5. खिडकी बंद झाल्यावर आयोजकाने चेक-इनवर प्रक्रिया करायची असते. त्या एका पायरीत तीन गोष्टी होतात. न आलेले 7 जण निष्क्रिय ठरतात. त्यांचे सीड यादीच्या तळाला जातात, मूळ क्रम तसाच राखून. आणि रिकाम्या जागांवर वेटलिस्टमधले चेक-इन केलेले 5 जण आत येतात. ब्रॅकेट 30 जणांचा होतो, दोन बाय पहिल्या दोन सीडना मिळतात. वेटलिस्टवरचे उरलेले 4 चेक-इन न केल्यामुळे बाहेर, जागा रिकाम्या असूनही. वेटलिस्टमधून 5 ऐवजी 8 जणांनी चेक-इन केलं असतं, तर 7 आत आले असते आणि एकाला हात हलवत परतावं लागलं असतं. त्याची तक्रार रास्त आहे, पण त्याला उपाय नाही.

बढती याच पायरीवर मिळते, आधी नाही. 8.50 ला ‘मी आत आलो का?’ विचारणाऱ्याला खरं उत्तर एकच: 9 नंतर कळेल. मधल्या काळात एखाद्या पक्क्या खेळाडूने स्वतःहून नाव काढलं असेल, तर गोष्ट वेगळी.

आता सीडची गंमत. नेहमीच्या मांडणीत पहिला सीड 32 व्याशी खेळतो, 16 वा 17 व्याशी. तिसरा सीड आलाच नाही, तर तो तळाला जातो आणि चौथ्यापासून सगळे एकेक पायरी वर सरकतात. म्हणजे आदल्या दिवशी ब्रॅकेटचा स्क्रीनशॉट काढून ‘माझी मॅच अमक्याशी’ म्हणून तयारी करणाऱ्याची सगळी गणितं बदलतात. वेटलिस्टमधून एखादा दादा खेळाडू आत आला असेल, तर त्याचा सीड हाताने नीट लावणं हे आयोजकाचं काम. सुरुवात करण्याआधीच. नाहीतर पहिल्याच फेरीत दोन तगडे भिडतात आणि अंतिम सामना फिका होतो. ज्या स्पर्धेत सीडिंग चिठ्ठ्या टाकूनच होणार आहे तिथे हा प्रश्न नाही: प्रक्रिया करा, मग सीड शफल करा, मग सुरुवात. हा क्रम मात्र उलटा करू नका.

एकदा स्पर्धा सुरू झाली, की वेटलिस्ट संपली. सुरू होण्याआधी एखादं नाव काढलं तर खालचे सीड वर सरकून जागा भरतात. सुरू झाल्यावर काढलं तर तो खेळाडू निष्क्रिय होतो आणि त्याचे उरलेले सगळे सामने प्रतिस्पर्ध्याला बहाल. तरी व्यवहारात एक पळवाट आहे: पहिल्या फेरीतला सामना झालेला नसेल, तर न आलेल्याच्या नावाच्या जागी वेटलिस्टमधल्या माणसाचं नाव टाकायचं. ब्रॅकेट मोडत नाही, सामना होतो, बघणाऱ्यांनाही मजा येते. पण हे पहिल्या फेरीपुरतंच, आणि नियमांत आधी लिहिलेलं असेल तरच. दुसऱ्या फेरीत असा बदल म्हणजे कुणीतरी एक सामना न खेळता पुढे गेला. हरलेल्याने आरडाओरडा केला तर त्याला दोष देता येणार नाही.

जिथे घोडं अडतं

सगळ्यात वैतागवाणा भाग म्हणजे वेळ पुढे ढकलणं. चेक-इन सुरू झालं आणि गेमचा सर्व्हर बसला, किंवा अर्ध्या गावाची वीज गेली. साहजिकच वाटतं की सुरुवात अर्ध्या तासाने पुढे न्यावी. पण चेक-इन चालू असताना किंवा त्यावर प्रक्रिया झाल्यानंतर वेळ आणि कालावधी बदलता येत नाही. आधी चेक-इन रद्द करावं लागतं. आणि रद्द केलं की सगळे पुन्हा सक्रिय होतात, आणि आतापर्यंत झालेली सगळ्यांची चेक-इन पुसली जातात. 25 जणांना पुन्हा हाका मारायच्या. त्यातले चार-पाच तोवर ‘आपलं झालंय’ म्हणून चहाला गेलेले असतात. त्यामुळे उशीर दहा-पंधरा मिनिटांचा असेल तर चेक-इनला हात लावू नका. ते वेळेवर संपू द्या, प्रक्रिया करा आणि फक्त सामने उशिरा सुरू करा. तासाभराचा खोळंबा असेल तरच रद्द करा, आणि करण्याआधी हजर असलेल्यांच्या यादीचा स्क्रीनशॉट काढा. दुसऱ्या वेळी कुणी राहून गेला, तर आयोजकाला त्याचं चेक-इन स्वतः करता येतं. यादी हाताशी असली की वाद मिटतो.

हाताने चेक-इन करण्याची ही सोय दुधारी आहे. ज्याचं खातं नाही, ज्याचं नाव तुम्ही नुसतं टाइप करून घातलंय, त्याच्यासाठी ती लागतेच. पण मित्राला ‘येतोय दोन मिनिटांत’ म्हणून चेक-इन करून ठेवलं आणि तो आला नाही, तर वेटलिस्टवरच्या एका हजर माणसाची जागा तुम्ही खाल्ली. लहान गटांमध्ये भांडणं याच्यावरूनच होतात. यादी सगळ्यांना दिसते, कोण कधी हजर होतं हे लोकांना माहीत असतं.

चॅलॉन्जमध्ये आम्हाला खटकणारी गोष्ट दुसरीच. न आलेल्याला काहीच भोगावं लागत नाही. आज नाव दिलं, आला नाही, उद्याच्या स्पर्धेत पुन्हा पहिल्या दहांत नाव. आयोजकाने स्वतः वही ठेवली तरच याला आळा बसतो: सलग दोनदा गैरहजर राहिलेल्याचं नाव पुढच्या वेळी थेट वेटलिस्टच्या शेवटी. एक साधा शीट पुरतो. एकाच माणसाने दोन खात्यांवरून दोन जागा अडवण्याचा प्रकारही होतो. त्यावर उपाय म्हणजे नोंदणीसोबत गेममधला आयडी मागायचा आणि तो डिस्कॉर्डवरच्या नावाशी ताडून बघायचा.

वेटलिस्ट किती लांब ठेवावी? मोफत स्पर्धेत मर्यादेच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे 32 ला 8 ते 11. हा अंदाजाचा हिशोब आहे, तुमच्या गटाची सवय बघून कमी-जास्त करा. पण 32 च्या मागे 60 जणांची रांग लावून उपयोग नाही. चाळिसाव्या नंबरवरचा माणूस चेक-इनच करत नाही, आणि खालचे सगळे तसाच विचार करू लागले की ऐन वेळी हाक मारल्यावर कुणीच हजर नसतं. इतके लोक येत असतील तर दुसरा ब्रॅकेट काढा.

बीजीएमआयला हे का चालत नाही

बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडियाच्या कस्टम रूममध्ये 100 खेळाडू मावतात, म्हणजे चौघांचे 25 संघ. मोठ्या अधिकृत स्पर्धांच्या अंतिम फेरीत 16 संघ असतात, रोजच्या स्क्रिम्समध्ये वीसच्या पुढे. इथे ब्रॅकेट नसतो, स्लॉट असतो. अमुक संघ स्लॉट 7 म्हणजे रूममध्ये त्याने सातव्याच जागी बसायचं, कारण गुणतक्ता स्लॉटवरून भरला जातो. पहिले एक-दोन स्लॉट बहुतेक ठिकाणी आयोजकासाठी राखून ठेवतात आणि संघांची यादी तिसऱ्यापासून सुरू होते.

नोंदणी डिस्कॉर्डवर. ठरलेल्या मिनिटाला चॅनेल उघडतं, संघाचं नाव आणि चारही खेळाडू टॅग करून एक मेसेज टाकायचा, आणि बॉट पहिल्या वीस-पंचवीस जणांना हिरवी खूण देऊन चॅनेल बंद करतो. क्वोशंट हा यासाठी भारतात माहीत असलेला बॉट. नोंदणी, स्लॉटलिस्ट, आयडी-पास (रूमचा आयडी आणि पासवर्ड) पाठवणं, स्लॉट सोडणं-घेणं, ही कामं त्यात बटणावर होतात.

शेवटचं बटण आपल्या विषयाचं. ज्याला येता येत नाही तो संघ ‘स्लॉट रद्द’ करतो, आणि तो स्लॉट जो आधी ‘क्लेम’ करेल त्याला मिळतो. नीट बघितलं तर ही रांग नाहीच, ही झडप आहे. दुपारपासून वाट बघणारा आणि आत्ताच फोन उघडलेला, दोघे सारखेच. जलद बोटांचा फायदा. रोजच्या सरावासाठी आमच्या मते हे ठीक आहे, कारण तिथे स्लॉट भरलेला असणं महत्त्वाचं, कुणाचा हक्क पहिला हे नाही. बक्षिसाच्या स्पर्धेत मात्र झडप नको. तिथे क्रमवार वेटलिस्ट लिहून ठेवा आणि वरून खाली हाक मारा: पहिल्या संघाला 5 मिनिटं, उत्तर नाही, पुढचा. ही हाक खाजगी मेसेजवर देऊ नका, सगळ्यांना दिसेल अशा चॅनेलमध्ये द्या.

वेळेचं गणित इथे अगदी तंग. आयडी-पास सामन्याच्या साधारण 10 ते 15 मिनिटं आधी देतात. रद्द करण्याची मुदत त्याच्या किमान 20-30 मिनिटं आधी संपायला हवी. नाहीतर आयडी-पास गेल्यावर लोक स्लॉट सोडतात आणि नव्या संघाला चौघं गोळा करायला वेळच मिळत नाही. वेटलिस्टवरच्या संघात तीनच जण ऑनलाइन असतील तर तो संघ तयार नाही असंच समजा. ‘चौथा येतोय’ या दोन शब्दांवर रूम थांबवू नये. थांबवली की बाकीचे 80-90 जण लॉबीत शिव्या घालत बसतात. रूम एकदा सुरू झाली की मधूनच कुणाला आत घेता येत नाही. अर्ध्या तासाचा सामना संपेपर्यंत तो स्लॉट मेलेला.

सहा सामन्यांच्या स्पर्धेत दुसऱ्या सामन्यापासून वेटलिस्टचा संघ घ्यायचा का, हा प्रश्न दर वेळी निघतो. घेता येतो, पण तो शून्य गुणांवरून सुरू होणार हे त्याला आधी सांगा. पहिल्या क्रमांकाला 10, मग 6, 5, 4, 3, 2, 1, 1 आणि प्रत्येक किलला 1 गुण, या चालू पद्धतीत एक सामना हुकलेला संघ जिंकणं कठीण असतं, अशक्य नसतं. गेलेल्या संघाचे गुण नव्या संघाला देणं मात्र साफ चूक. तक्त्यावरून सगळ्यांचा विश्वास उडतो.

आणि जिथे वेटलिस्टच लागत नाही

लीचेसवर बुद्धिबळाच्या स्पर्धा बघितल्या की वाटतं, हा सगळा खटाटोप कशाला? ठरलेल्या वेळात जमतील तितके डाव खेळायच्या अरीना स्पर्धेत चालू असतानाही कधीही येता येतं, कधीही जाता येतं. स्विसमध्ये निम्म्या फेऱ्या सुरू होईपर्यंत उशिरा प्रवेश मिळतो: 11 फेऱ्यांची स्पर्धा असेल तर सहावी फेरी सुरू होण्याआधी, 12 ची असेल तर सातवीआधी. उशिरा आलेल्याला कितीही फेऱ्या हुकल्या असल्या तरी बाय एकच मिळतो. आणि जो येऊन खेळत नाही त्याचं घड्याळ चालत राहतं, वेळ संपून तो हरतो, आणि साइट त्याला स्पर्धेतून बाजूला काढते म्हणजे पुढच्या फेऱ्यांत कुणाचा खोळंबा होत नाही. शिवाय असा खेळाडू काही काळ दुसऱ्या स्विस स्पर्धेत नाव देऊ शकत नाही. आयोजकाने खास परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. चॅलॉन्जमध्ये जी वही आयोजकाला स्वतः ठेवावी लागते ती इथे साइट ठेवते.

बुद्धिबळात जागा मर्यादित नाहीत म्हणून हे जमतं. टेकनच्या बाद फेरीत पाचव्या फेरीला येऊन कुणी ‘मला पण घ्या’ म्हणू शकत नाही. म्हणून उपयोगाचा नियम इतकाच: खेळाडू कमी आहेत, सगळे ओळखीचे आहेत आणि खेळ एकास एक आहे, तर बाद फेरी सोडून स्विस ठेवून बघा. निम्मी डोकेदुखी कमी होते.

खेळाडूने काय करावं

वेटलिस्टवर नाव आहे, तर खिडकी उघडली की पहिल्या पाच मिनिटांत चेक-इन करा. त्यासाठी खात्यात आधीच लॉगिन करून ठेवा. पासवर्ड विसरला हे 8.58 ला कळलं तर काही होत नाही. गेम अपडेट दुपारीच उरकून घ्या. प्रक्रिया झाल्यावर पान रिफ्रेश करून ब्रॅकेटमध्ये आपलं नाव शोधा. आत आला असाल तर लगेच प्रतिस्पर्ध्याला मेसेज टाका, कारण 10 मिनिटांत न आल्यास बाद हा नियम वेटलिस्टमधून आलेल्यालाही लागू असतो. आणि येणं जमणार नसेल, पक्के असा वा वेटिंगवर, तर नाव काढून टाका. खिडकी उघडायच्या आत काढलंत तर मागच्याला तयारीला वेळ मिळतो.

आयोजकाने घोषणेत हे चार ओळींत लिहून टाकावं. कॉपी करा हवं तर: ‘मर्यादा 32. त्यानंतरची नावं वेटलिस्टवर. चेक-इन रात्री 8.30 ते 9, पक्के आणि वेटलिस्ट दोघांनाही बंधनकारक. 9 नंतर रिकाम्या जागा चेक-इन केलेल्या वेटलिस्टमधून भरल्या जातील. पहिला सामना 9.15. 9.25 पर्यंत न आलेला बाद.’ एवढ्यावर निम्मे वाद आधीच मिटतात, उरलेल्या निम्म्यांसाठी दाखवायला काहीतरी असतं.

राहता राहिले पैसे. प्रवेश शुल्क असलेल्या स्पर्धेत वेटलिस्टवरच्या माणसाकडून आगाऊ पैसे घेऊ नयेत, आणि खेळाडूनेही देऊ नयेत. जागा पक्की झाली की यूपीआयवर भरायचे, त्यासाठी दहा मिनिटं द्यायची, नाही भरले तर पुढचा नंबर. ‘आत्ता भर, नाही लागला नंबर तर परत करतो’ यात परतीचे पैसे अडकून पडतात आणि आयोजकाच्या डोक्याला पन्नास जणांच्या स्क्रीनशॉटचा ताप. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मान्यता आणि नोंदणी असलेल्या ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेशासाठी वा व्यवस्थापनाच्या खर्चासाठी शुल्क घ्यायला जागा ठेवली आहे, पैज किंवा डाव लावायला नाही. वेटलिस्टवरचे पैसे एकत्र करून बक्षिसाची रक्कम फुगवणारा कुणी भेटला, तर तिथे नावच देऊ नका.